झाईहून येणारा डबा

झरी, १० जानेवारी

ताई,

डबा पोचला. दक्षाताईने बसच्या दारातूनच हात लांब करून दिला आणि म्हणाली, "घे रे बाबा, बहिणीचं पार्सल. माझ्या गाडीत पॅसेंजर कमी नि तुमचे डबे जास्त." मागून ड्रायव्हर हॉर्न मारत होता, तरी तिने तुझा निरोप दोनदा ऐकवला आणि मग माझ्याकडून म्हणून घेतला, मास्तर पाढे म्हणून घेतात तसा. कंडक्टर नाही, मास्तरीणच व्हायला पाहिजे होती ती.

मला कळला तसा निरोप लिहितो, चुकला असेल तर सांग. लाहू, फोन करू नको, फोनवर तू गोडगोड खोटं बोलतोस. काय ते कागदावर लिही आणि रिकामा डबा परत देशील त्यात घाल. लिहायचा तुला कंटाळा आहे, म्हणून खोटं कमी लिहिशील. आणि बाबांना सांग की हे भारतीने केलंय. माझ्या हातचं आहे हे समजून त्यांनी खाल्लं तर मी घरी येते. नाही सांगितलंस तर डबा येत राहील, मी येणार नाही.

बरोबर ना?

आता पहिलं पहिलं लिहितो, नाहीतर मी भलतीकडे जाईन. बाबांनी खाल्लं. हॉस्पिटलवाल्यांनी घरी न्या म्हटल्यापासून पेजेचं पाणी सोडून त्यांच्या घशाखाली काही गेलं नव्हतं, आणि तेही निम्मं बाहेर येत होतं. तुझ्या डब्याचं झाकण काढलं तर खोलीभर वास. वरचा पाव तांबूस, आत सगळं ओलं, चिकूच्या फोडी गुळाच्या काकवीसारख्या झालेल्या. मी चमच्याने कुस्करून तोंडात घातलं. त्यांनी डोळे मिटले आणि मला वाटलं आता थुंकणार. गिळलं.

"काय आहे?"

"पाव आहे बाबा."

"पाव असा असतो?"

मग आ केला. ताई, म्हाताऱ्या माणसाने स्वतःहून आ केला!

तू कामाला आहेस त्या बंगल्यातल्या बाई याला कॅसरोल म्हणतात असं दक्षाताई म्हणाली. मी चिमीकाकूला सांगितलं तर ती हसून हसून वाकली. "कॅसरोल म्हणजे लग्नात देतात तो. भाकऱ्या गरम ठेवायचा. तो खातात होय बंगल्यावाले?" काकड्याकाका आणि ती रोज येतात, घर शेजारी आहे म्हणून बरं. मला एकट्याला बाबांना उचलता येत नाही.

कुणी केलं ते अजून सांगितलेलं नाही. खात होते, मध्येच कसं बोलायचं? तू मनिषबरोबर झाईला गेलीस त्या दिवशी त्यांनी चुलीवर हात ठेवून काकड्याकाकाच्या समोर काय म्हटलं ते तुला माहीत आहे. तिच्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही. आणि ते शब्दाचे कसे आहेत तेही माहीत आहे. दारू सोडली म्हणाले, सोडली. मामाकडे जाणार नाही म्हणाले, मामाच्या मयताला पण गेले नाहीत. मला भीती वाटते.

उद्या सांगतो. डब्यात वाल घातलेत. रिकामा डबा परत करू नये असं आई म्हणायची.

लाहू


झरी, १६ जानेवारी

ताई,

नाही सांगितलं.

सांगणारच होतो. पण संक्रांतीला उंबरगावला पतंग बघायला गेलो. फक्त बघायला. तिकडे सगळे गच्चीवर, स्पीकर लावलेले, आभाळात जागा नाही एवढे पतंग. एक पोरगा मला म्हणाला फिरकी धर, मी धरली, मग संध्याकाळच झाली. तिकडून संजाणपर्यंत चालत आलो, मग एक टेम्पोवाला ओळखीचा निघाला. मला माहीत आहे तू हे वाचून काय म्हणशील. बाप खाटेवर आणि हा फिरकी धरतोय. चिमीकाकू तेच म्हणाली, आणखी वाईट शब्दांत.

पण त्या दिवशी तुझा डबा तिने भरवला आणि त्यांनी तिच्या हातून पण खाल्लं. रोज पाच-सहा चमचे जातात. खाल्ल्यावर जरा बोलतात पण.

काल मी बाहेर लाकडं फोडत होतो तर आतून काकड्याकाका ओरडला, "लाहू, ए लाहू! तू म्हणे पाव भाजतोस?"

मी आत गेलो. बाबा उशीला टेकून बसलेले. ते म्हणाले, "अच्छाडच्या ढाब्यावर शिकला असंल. इतकी वर्षं फिरला, कायतरी घेऊन आला."

"ट्रक धुवायला गेला नि आचारी होऊन आला," काका म्हणाला.

"हसू नको रं. त्याच्या हाताला चव आहे."

मी केलं असं मी म्हटलेलं नाही, ताई. शपथ. त्यांनी आपलं आपलं धरलं. मी फक्त नाही म्हटलं नाही. चिमीकाकूने माझ्याकडे बघितलं आणि तीही गप्प बसली. तिला डबा कुठून येतो ते माहीत आहे.

गाडी चुकेल म्हणून थांबतो. चिंचा आहेत डब्यात, आपल्याच झाडाच्या, ओढ्याकडच्या. यंदा फार लागल्यात. त्या झाडावर तू मला चढवायचीस आणि खालून शिव्या द्यायचीस, ते आठवलं.

लाहू


झरी, २१ जानेवारी

ताई,

दक्षाताई रजेवर आहे, दिराचं लग्न. तिच्या जागी आलेला कंडक्टर म्हणतो डबाबिबा चालत नाही, लगेजचं तिकीट काढा, वर म्हणतो वास येतो. तुझ्याकडूनही त्याने घेतला नसेल. तू फाट्यावरून परत गेली असशील डबा घेऊन.

पहिल्या दिवशी मी बाबांना सांगितलं दूध नासलं. दुसऱ्या दिवशी काय सांगू? सकाळपासून विचारायला लागले, "आज पाव भाजायला लावला नाहीस का?"

मग मी लावला.

हसू नको. तळासरीहून पावाची लादी आणली, ताजी, मऊ. चिकू आपल्या वाण्याकडे सडके होते म्हणून बोर्डी रोडच्या वाडीतून झाडावरचे मागून आणले. छान होते दिसायला, मोठे. अंडी चिमीकाकूने दिली. भट्टी कुठून आणणार? मग मला हायवेवर थंडीत उंबाडियू विकतात ते आठवलं. मडक्याच्या तळाला पाला, आत वालपापडी, कंद, बटाटे, तोंडाला पाला, मडकं उपडं आणि वरून गोवऱ्या पेटवायच्या. अच्छाडला असताना मी ती मडकी कितीदा उचललीत. ट्रकवाले उभ्या उभ्या अर्धा किलो खातात, त्यांच्यातला एक राजस्थानचा होता, तो त्याच्यावर दही ओतून घ्यायचा. जाऊ दे.

मी मडक्यात पाव-चिकू रचले, वरून अंडी फेटलेलं दूध ओतलं आणि मडकं उपडं केलं.

ताई, दूध उपडं कसं राहील? हे डोक्यातच आलं नाही. पाल्यातून सगळं बाहेर, राखेत. काकड्याकाका कुंपणाला धरून हसत होता. मग दुसऱ्यांदा मडकं सरळच ठेवलं, वर तवा झाकला, तव्यावर निखारे. ते जमलं बऱ्यापैकी. वरून तांबूस झालं, वासही आला. मला वाटलं झालं, आता काही चिंता नाही, आता मी खरंच करतो, म्हणजे बाबांचं बोलणं खोटं ठरणार नाही.

पहिल्या चमच्यालाच त्यांचं तोंड वाकडं झालं. चिकू कच्चे होते. पोटापाण्यासाठी मी दोन सीझन चिकू उतरवलेत, खोक्यात भरलेत, आणि झाडावरचा चिकू उतरवल्यावर चार-पाच दिवस तोंडात घालू नये हे विसरलो! वाटलं भाजल्यावर पिकतो. भाजून चीक आणखी घट्ट होतो. त्यांची जीभ, टाळू, सगळं चिकटलं. खाकरायला लागले, श्वास अडकला, चिमीकाकूने बोट घालून काढलं. रक्त आलं थोडं.

नंतर म्हणाले, "आधीच्यासारखं का नाही केलंस?"

आणि सगळा दिवस काही घेतलं नाही.

हे पत्र टाकायला डबा नाही. डबा आणि गाडी सुरू झाली की देतो.


झरी, २४ जानेवारी

ताई,

दक्षाताई आली. हाताला मेंदी अजून लाल होती. म्हणाली, "तिकडे ती रोज फाट्यावर उभी, इकडे तू उभा. मधे मी नसले तर तुमचं काय होईल रे?" डबा गरम होता अजून.

मागचं पत्र नि हे एकत्रच पाठवतोय.

तुझा कागद मिळाला, पिशवीच्या पाठीवर लिहिलेला, डबा परत अडला तर मी इथे करावं म्हणून. शिळा पाव घ्यायचा, ताजा नको, ताजा दूध पीत नाही, विरघळतो. चिकू पेंढ्यात ठेवायचा, अंगठ्याने देठाकडे दाबून बघायचा. साल काढताना चिकाचा धागा निघता कामा नये. दूध ओतून पाव तासभर मुरू द्यायचा. बाबांसाठी बी एकेक काढून मग फोड, सालीचा बारीक तुकडासुद्धा नको. हे सगळं तू तिकडे पाहुण्यांचा नाश्ता आवरून करतेस, मग आमच्यासाठी वेगळा लावतेस, असं दक्षाताई सांगत होती. बाई काही बोलत नाहीत का?

आणि खाली एकच ओळ. त्यांना अजून माहीत नाही, हो ना.

हो.

फोनवर असतो तर म्हटलं असतं सांगितलंय, ऐकलं नाही वाटतं. कागदावर ते होत नाही, तू म्हटलीस तसं. दोन ओळी खोडल्यात वर, दिसत असतील. खरं ते असं आहे की मला ते आवडायला लागलं.

तुला आठवतंय, मी आठवीतून शाळा सोडली तेव्हा बाबा काय म्हणाले? काहीच म्हणाले नाहीत. तळासरीला गेलो, काही नाही. अच्छाडला गेलो, झाईच्या होडीवर गेलो तुझ्या मनिषबरोबर, उलट्या करून परत आलो, वापीला कंपनीत गेलो, परत आलो. जाताना कुठे म्हणून विचारलं नाही, येताना कुठून म्हणून विचारलं नाही. तुझ्यावर चिडले तरी. चुलीवर हात ठेवला तुझ्यासाठी. माझ्यासाठी त्यांनी कधी काही केलं नाही, राग पण नाही. आणि आता म्हणतात, लाहूच्या हाताला चव आहे. पाणी प्यायला आलेल्या लाइनमनला पण सांगितलं.

तू यावीस हे मला पाहिजे आहे. तू आलीस तर मी जरा झोपेन. पण सांगितल्यावर ते थांबले तर? तुझा डबा सोडून दुसरं काही जात नाही त्यांच्या पोटात. सांगितलं नाही तर तू येत नाहीस, सांगितलं तर ते मरतात. आणि यात माझं ते चवीचं बारकंसं आहेच, मधे लपून. हे तीन मिळून मला काही करू देत नाहीत. रोज सकाळी ठरवतो, मग गाडी आली का बघायला फाट्यावर जातो, तिथे कुणीतरी भेटतं.

आज चार चमचे गेले. कमी झालंय.

डब्यात नाचणीचं पीठ आहे. चिमीकाकूकडचं.

लाहू


झरी, २७ जानेवारी

ताई,

सांगितलं.

काल दिवसभर त्यांनी काही घेतलं नाही, तुझं पण नाही. ओठाला लावलं तर ओठ हलले नाहीत. झोपलेत असं म्हणून मी सोडून दिलं. आज सकाळी डबा आला तेव्हा चिमीकाकूने मला दारातच धरलं. "आता सांगणार आहेस की तेराव्याला सांगणार आहेस?"

मी आत गेलो. डबा त्यांच्या पोटाजवळ खाटेवर ठेवला, उघडला, झाकण बाजूला. म्हटलं, "बाबा, हे भारतीने केलंय. पहिल्यापासून तीच करते. झाईहून येतं रोज. मी काही केलेलं नाही. मी केलं होतं ते चिकट झालेलं तेवढं माझं."

डोळे उघडे होते. माझ्याकडे बघत होते का माझ्या मागच्या भिंतीकडे, सांगता येत नाही. मी परत म्हटलं. मोठ्याने. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा काकड्याकाका म्हणाला पुरे, ऐकलंय त्याने.

मी चमचा भरून ओठाला लावला. तोंड उघडलं नाही. मी थोडं आत ढकललं, ते कोपऱ्यातून गळलं, हनुवटीवरून हातावर. मग पाणी घातलं चमच्याने. पाणी पण गळलं.

पाणी पण गळलं, ताई. म्हणजे हे तुझ्या हातचं म्हणून नाही असंही असेल. किंवा असेल. काल सांगितलं असतं तरी कळलं नसतं, काल पण बंदच होतं तोंड. परवा कळलं असतं. परवा चार चमचे जात होते. परवा त्यांना नाही म्हणता आलं असतं, आणि हो म्हणता आलं असतं. परवा मी फाट्यावर ऊस खात होतो.

मग एक झालं. मी झाकण लावून डबा उचलायला गेलो तर त्यांचा हात आला. उजवा, तोच बरबटलेला. हळूहळू आला चादरीवरून आणि डब्यावर पडला. झाकणावर. तिथे थोडा वेळ राहिला आणि खाली घसरला. डबा जरासा सरकला.

काकड्याकाका म्हणाला, "ढकलला. शब्द राखला गड्याने."

चिमीकाकू त्याच्या अंगावर गेली. "ढकलायला जोर लागतो. माशी हाकलायला जोर नाही त्याच्यात, डबा ढकलतो? धरला त्याने. धरायला गेला नि हात घसरला."

"तू बायकांसारखं बोलू नको."

"मग कुणासारखं बोलू? तुझ्यासारखं?"

दोघं भांडत बाहेर गेली. मी बसून राहिलो. तुला काय लिहू? खाल्लं असं लिहिणं सोपं होतं, तू उद्याच्या गाडीने आली असतीस. लिहिलं होतं एका कागदावर. तो चुलीत टाकला.

गाडी गेलेली आहे. उद्या सकाळच्या गाडीला देतो. तू ठरव.


झरी, २९ जानेवारी

ताई,

वरचं पत्र काल द्यायचं होतं. काल उजाडायच्या आधी बाबा गेले. काकड्याकाकाने मनिषला फोन केला, तेव्हा निरोप तुला पोचला हे मला माहीत आहे. माझ्या खिशात हे पत्र होतं. अंघोळ घालताना वाकलो तेव्हा ते खुपत होतं छातीला, तरी डोक्यात आलं नाही की हे द्यायचं राहिलंय.

माणसं जमली, बांबू आणायला मीच गेलो. सगळे म्हणत होते थांबू या, मुलगी येईल. मी म्हटलं येईल. चिमीकाकू दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती तुझे पाय धुवायला. उन्हं चढली तेव्हा काका म्हणाला आता ठेवता येत नाही. आम्ही ओढ्याकडच्या वाटेने नेलं, चिंचेखालून. ती वाट फाट्यावरून दिसत नाही.

आज दक्षाताई भेटली. तिने बस बाजूला घ्यायला लावली, खाली उतरली, पहिल्यांदाच उतरली ती. म्हणाली तू काल तिच्या गाडीने आली होतीस. फाट्यावर उतरलीस. उतरल्या उतरल्या तिला विचारलंस, "लाहूने काही दिलंय का?" ती नाही म्हणाली, कारण मी दिलेलं नव्हतं. तू फाट्यावरच्या भेंडीच्या झाडाखाली बसलीस. ती तळासरीहून परत येईपर्यंत तू तिथेच होतीस, डोक्यावर पदर, पिशवी मांडीवर. तिने परत विचारलं, जातेस का गावात, मी सोडायला येते. तू म्हणालीस, "त्यांनी खाल्लं असतं तर लाहू सांगायला धावत आला असता." आणि गाडीत बसलीस.

आला असतो. धावतच आलो असतो.

भेंडीपासून घर किती लांब आहे ग.

हे पत्र आणि वरचं, दोन्ही दक्षाताईच्या हातात देतोय, डब्यात नाही. डबा वेगळा देतोय. घरात वाल आहेत, चिंचा आहेत, चिमीकाकूने गूळ पण काढून ठेवला होता डब्यात घालायला, रिकामा देऊ नको म्हणून. मी घातला नाही. त्या दिवसाचा तुझा पाव होता तो काल सगळे गेल्यावर मी खाल्ला, उभ्याने, सगळा. आतलं भांडं धुतलं.

झाकण धुतलेलं नाही. नीट उजेडात धर. बोटं उठली आहेत, दूध-साखर सुकून पांढरी झाली आहेत. चार आहेत, अंगठा नाही. कडेला थोडं पुसट आहे तिथून हात घसरला. दक्षाताईला सांगितलंय की कापडात गुंडाळून ने आणि झाकणाला हात लावू नको.

मी कालपासून बघतोय. मला नाही कळत. तू बघ.

लाहू